गोठ्यातली डबी

"गोठ्यात आलं पायजे," बिभीषणतात्यांनी निक्षून सांगितलं. "घरात येवो न येवो, गोठ्यात नेट आलं पायजे."

रविराजनं ड्रिल मशीन खाली ठेवलं आणि नजरेनंच अंतर मोजलं. मिरजगावच्या बाहेर, हायवेपासून दोन किलोमीटर आत तात्यांचा दुमजली बंगला होता. नेट होतं, पण राउटर एकच, तोही हॉलमध्ये टीव्हीच्या मागं. वरच्या खोलीत तात्यांची मुलगी रोहिणी एका बियाणे कंपनीचं काम घरून करायची. मीटिंग सुरू झाली की तिला लॅपटॉप घेऊन जिन्यात येऊन बसावं लागे. गोठा तर शंभर फुटांवर, आणि चारी बाजूंनी पत्रा.

"एका राउटरचं हे काम नाही," रविराज म्हणाला. "तीन डब्या लावू. हॉलमध्ये एक, वर एक, गोठ्यात एक. तिन्हींना केबल टाकू. नाव एकच, पासवर्ड एकच. बोलत बोलत घरातून गोठ्यात गेलात तरी कट होणार नाही."

"आन् बिघडलं म्हंजे?"

"दुकानात बसून मला मोबाईलवर तिन्ही डब्या दिसतात. चालू-बंदसुद्धा तिथूनच करता येतात."

"असं व्हय," तात्या म्हणाले आणि त्यांनी पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं. "मंग लागा कामाला, वायफायवाले."

गोठ्याची केबल जमिनीखालच्या पाइपातून न्यायची होती. रविराज घराच्या टोकाला बसला, रोहिणी गोठ्याच्या.

"ओढा!" तो ओरडला.

"येत नाहीये!"

"जोर लावा!"

"लावलाय! तुम्हीच धरून ठेवलीय!"

खरंच, केबलवर त्याचाच पाय होता. त्यानं तो उचलला मात्र, केबल सटकन पुढं गेली आणि रोहिणी मागच्या कडब्यावर जाऊन पडली. ती इतकी खळखळून हसली की म्हशींनीही माना वळवल्या. रविराजला पुढची दहा मिनिटं स्क्रू धरता येईना.

दुपारपर्यंत तिन्ही डब्या लागल्या. रोहिणी मोबाईल घेऊन माजघरातून गच्चीपर्यंत फिरली, नेट एकदाही अडखळलं नाही. तात्यांनी गोठ्यात बसून कुस्तीचा एक अख्खा फड पाहिला. रोहिणीच्या आईनं, रतनबाईंनी, रविराजला जेवल्याशिवाय सोडलं नाही. हुलग्याचे शेंगोळे होते. त्यानं तीनदा वाढून घेतले.

पुढच्याच गुरुवारी दुकानात फोन आला. गोठ्यातलं नेट गेलं होतं.

"मोबाईलवरून चालू करून बघ की," दुकानाचे मालक गोरक्षनाथ म्हणाले.

"नुसतं तेवढ्यानं भागणार नाही. जाऊन बघावं लागेल," रविराज म्हणाला आणि हेल्मेट उचललं.

गुरुवारी रोहिणीला सुट्टी असायची. तिनं शिडी धरली. रविराजनं पत्र्याखालची डबी उघडली, केबलचं टोक काढून पुन्हा बसवलं, मोबाईलवर काहीतरी केलं, आणि दिवा हिरवा झाला.

"काय झाल्तं?" तात्यांनी विचारलं.

"सेटिंगचा घोळ होता."

तात्या नुसते हुं म्हणाले. त्याच्या पुढच्या गुरुवारी तसंच झालं. तिसऱ्या गुरुवारीही. तात्यांचा आवाज दर वेळी चढत गेला. "कसलं हो तुमचं काम? ऐन डावाला गेलं नेट! पैलवान आडवा झाला का उभा ऱ्हायला, काय कळंना!"

त्या तिसऱ्या दिवशी गोरक्षनाथांनी रविराजला बजावलं होतं, "आता पुन्हा तक्रार आली तर तुझ्याऐवजी दुकानातल्या सहादेवला पाठवीन. तुझ्या हातून हे होत नाही."

रविराज शिडीवरून उतरला. रोहिणी केबलचा उरलेला तुकडा बोटांभोवती गुंडाळत होती.

"तात्या बोलले त्याचं मनावर घेऊ नका," ती म्हणाली. "दिवसभर राबतात. तेवढा अर्धा तास कुस्ती बघतात, दुसरा काही शौक नाही त्यांना."

रविराजला एकदम ओशाळल्यासारखं झालं. "आता नाही जाणार नेट," तो म्हणाला.

"इतक्या खात्रीनं सांगताय?"

"हो. खात्रीनं."

"म्हणजे तुम्हाला परत यावं लागणार नाही."

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि गुंडाळलेली केबल तिनं पुन्हा सगळी सोडून टाकली.

त्या दिवशी रविराज न जेवताच निघाला. रतनबाईंना त्यानं पोट बरं नसल्याचं सांगितलं.

मधले सहा दिवस त्याचं कशात लक्ष लागलं नाही. एका घरी त्यानं डबी चक्क उलटी बसवली. पुन्हा गुरुवार उजाडला. तो दुकानात काउंटरवर मोबाईल पालथा ठेवून बसला. अकरा वाजले, साडेअकरा झाले, आणि मोबाईल वाजला. दुकानाचा नव्हे, त्याचा स्वतःचा.

"हॅलो, पाव्हणं? बिभीषण बोलतोय. गोठ्यातलं गेलं बघा परत."

रविराज ताडकन उभा राहिला. "गेलं? नक्की?"

"म्या काय खोटं बोलतोय व्हय? आन् दुकानात सांगू नका, त्ये दुसऱ्याला धाडतील. तुमीच या. जेवायलाच या. आन् येताना आईवडलांना संगं आना."

"आईवडलांना? ते कशाला?"

"आवो, लई दिसांचा बिघाड हाय. मोठ्या मान्सांनी बसून मिटवल्याला बरा."

मागं कुणीतरी खळखळून हसलं आणि फोन बंद झाला.

रविराजनं घाईघाईनं ॲप उघडलं. हॉल, वरची खोली, गोठा, तिन्ही दिवे हिरवेगार होते. आणि मागच्या तीन गुरुवारांसारखी आज त्यानं गोठ्यातली डबी दुकानातून बंदही केली नव्हती.