वरची हवा

शेवटचा विद्यार्थी जिना उतरून गेल्याची खात्री झाल्यावरच दौलत कासारे यांनी पिशवीतून खोके बाहेर काढले.

"सर, दहा मिनिटं," ते म्हणाले. "एक दाखवायचं होतं."

उन्मेष सरांनी घड्याळाकडे पाहिले आणि कासाऱ्यांच्या पांढऱ्या केसांना मान द्यावा तसे ते टेबलाला टेकून उभे राहिले. दादरच्या त्या ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी ते जिज्ञासूंना विमान का उडते हे विनामूल्य समजावत. आजचा वर्ग आठवा आणि शेवटचा. फळ्यावर पंखाचा छेद तसाच होता: वरून फुगीर, खालून सपाट. पुढच्या कडेशी हवा दुभंगते. वरच्या हवेचा रस्ता लांबचा, खालचीचा जवळचा. मागच्या कडेला दोघींना एकाच क्षणी पोचायचे असते, म्हणून वरची धावते. चाळीस जणांनी ते पहिल्याच रविवारी वहीत उतरवून घेतले होते. कासाऱ्यांनी तेवढे पान कोरे ठेवले होते.

एकदा फुटलेल्या हवेने पुन्हा एकमेकींना गाठायचे, हा नेम तिला घालून दिला कोणी? सव्वीस वर्षे ते गिरणीत सुतासाठी दमट हवा खेळवणारे पंखे सांभाळत होते. दोन वाटांनी गेलेली हवा पलीकडे एकमेकींसाठी खोळंबलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. तरी सात रविवार ते गप्प बसले. पुरावा हाताशी यायचा होता, आणि गिरणीची रीत अंगात मुरलेली होती. जॉबरची, म्हणजे मुकादमाची, चूक खात्यात चारचौघांत काढायची नसते. पाळी सुटली की त्याला यंत्रामागे बोलवायचे, नुसते दाखवायचे. दुसऱ्या दिवशी तोच ती आपण होऊन सुधारतो. इथे तर शिकलेला माणूस. संध्याकाळपर्यंत सर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळी टाकतील, चाळीस वह्या दुरुस्त होतील, आणि त्या कोणामुळे झाल्या हे कोणाला कळण्याचे कारण नाही. कासाऱ्यांना तेवढेच हवे होते.

"कुठे असता आपण?" सरांनी विचारले.

"नायगावला. बीडीडी चाळीत."

"बरं, बरं," सर म्हणाले, आणि त्या दोन शब्दांत त्यांनी पुष्कळ काही जागच्या जागी लावून टाकले.

खोक्याला एका बाजूने काच होती. तोंडाशी शहाळ्याच्या नळ्या ओळीने चिकटवलेल्या, शेपटाशी जुन्या कॉम्प्युटरातला पंखा, मध्ये कानशीने घासून गुळगुळीत केलेला थर्माकोलचा पंख. कासाऱ्यांनी दारातल्या शिपायाला सांगून छताचे पंखे बंद करवले. उदबत्तीचा धूर भोंग्याच्या रबरी फुग्यात ओढून घेतला आणि पंखाच्या पुढ्यात एकच झुळूक सोडली.

पांढरा पुंजका कडेवर आपटून दुभंगला. वरचा अर्धा घसरत मागच्या कडेला पोचला आणि निघूनही गेला. खालचा अजून वाटेत होता.

कासाऱ्यांनी दुसरा पुंजका सोडला. मग तिसरा. तिन्ही वेळा वरचा आधी गेला.

"छान," सर म्हणाले. "फारच छान. खरं आहे ते. दोघी एकत्र पोचत वगैरे काही नाहीत."

कासाऱ्यांचा हात फुग्यावर तसाच राहिला. "सरांना माहीत होतं?"

"अहो काका, हे सगळ्यांनाच माहीत असतं. नवशिक्यांना मात्र असंच सांगायचं. चटकन पटतं, प्रश्न येत नाहीत. पुढच्या कोर्सला करतो ना आपण दुरुस्त."

"पुढच्या कोर्सला यातले किती येतात?"

"दोघे. फार तर तिघे."

"आणि बाकीचे?"

सर हसले. ते हसणे दुष्ट नव्हते. दुष्टपणाला निदान समोरच्याची दखल घ्यावी लागते. "बाकीच्यांना कुठं विमान बनवायचंय?"

अज्ञान असते तर यंत्रामागचा तो सगळा शिष्टाचार कारणी लागला असता. कासाऱ्यांनी सात रविवार ज्याची लाज राखली, त्याला ती नव्हती.

"तुम्ही मात्र कमाल केलीत हं," सर मोबाइल काढत म्हणाले. "खोकं जरा वर धरा. असं. हसा की."

फोटो काढून सर जिना उतरले, तोवर कासाऱ्यांच्या खिशातला फोन थरथरला. ग्रुपवर तोच फोटो आला होता, खाली मजकूर होता: आमचे सर्वांत तरुण विद्यार्थी. बघता बघता त्याखाली अंगठे जमू लागले. अकरा. एकोणीस. सव्वीस.

कासाऱ्यांनी चष्मा पुसला. वाक्य मनात जुळवून घेतले. ते लहान असावे, कोणाचे नाव त्यात नसावे, आणि पुसट शाईतल्या सरकारी कागदासारखा त्याचा अर्थ पुन्हा विचारावा लागू नये. मग त्यांनी लिहायची जागा शोधली. तिथे करड्या अक्षरांत सूचना होती की या ग्रुपवर फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात.

त्यांनी फोन खिशात ठेवला. चाळीस खुर्च्या होत्या, कोणी ओळीत, कोणी तिरक्या, माणसे उठून गेली तशाच. त्यांच्याकडे तोंड करून ते ताठ उभे राहिले.

"वरची हवा आधी पोचते," ते स्वच्छ, सावकाश म्हणाले. "ती खालचीसाठी थांबत नाही. वहीत तसं लिहून घ्या."

शिपाई कुलूप हातात घेऊन दारात उभा होता.

"सगळे गेले की ओ," तो म्हणाला.