चार नंबरचा शर्ट

"ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात नाव घेण्यासारखे हात दोनच झाले," गुरुदत्तनं जाहीर केलं. "दोन्ही शेवंतीचे."

हे जाहीर करताना त्याचे स्वतःचे हात मटार सोलत होते. इतिहासाच्या नादात दाणे तोंडात आणि सालं पातेल्यात पडत होती. त्याच्या बायकोला, सुमतीला, स्वयंपाकघरातून ते दिसत होतं. रविवारी उसळ कमी आणि शेवंती जास्त, याची तिला सवय झाली होती.

समोर तानाजी बसला होता. हा कल्याणहून दर रविवारी डोंबिवलीला चहाला यायचा आणि कॉलेजच्या मुलींच्या व्हॉलीबॉलमध्ये सगळ्यात चांगली सेटर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी, कोण, या प्रश्नाचा निकाल न लावता परत जायचा. अकरा वर्षं दोघांनी तो प्रश्न जपून वापरला होता. तानाजीच्या मते ती कल्याणची चित्रा. दोघांनाही स्वतःला कधी बॉल धड उचलता आला नव्हता, त्यामुळे मतं ठाम होती.

"चित्रा बघून द्यायची," गुरुदत्त म्हणाला. "बघून काय, कुणीही देईल. चौऱ्याऐंशीची विठ्ठलवाडीची फायनल आठव. शेवटचा पॉइंट. तुमच्या दोघी नेटपाशी टपून बसलेल्या. आणि हिनं समोर बघत बघत बॉल डोक्यावरून मागे दिला. मागे स्मॅश बसला तेव्हा तुमच्या मुली समोर हवेत होत्या. अजून उतरल्या असतील तर बघ."

सुमतीनं आधणात आलं किसलं. हात जरा जोरात चालला.

कारण तो बॉल शेवंतीनं दिलाच नव्हता. सुमतीनं दिला होता.

शेवंती चेंदणी कोळीवाड्यातली, ठाण्याच्या टीमची सेटर. फायनलच्या दिवशी ती आलीच नाही. सुमती टीमला पाणी देणारी, राखीवमधलीही राखीव. तिचं नाव यादीत नव्हतं, आणि यादीत नाव नाही त्याला मैदानात पाय ठेवायची सोय नाही. शेवटी खेळाच्या बाईंनी शेवंतीचा चार नंबरचा शर्ट सुमतीच्या अंगात चढवला आणि सगळ्या मुलींना आईची शपथ घातली. ढाल मिळाली. सर्टिफिकिटं मिळाली. त्या सर्टिफिकिटांवर दोघी रेल्वेत लागल्या, एक बँकेत. सुमतीनं तोंड उघडलं असतं तर ढालीबरोबर त्यांच्या खुर्च्याही हलल्या असत्या. म्हणून ती गप्प राहिली.

तानाजी त्या दिवशी फक्त चित्राकडे बघत होता. नेटच्या पलीकडे कोण आहे, हे त्यानं पाहिलंच नव्हतं. आणि गुरुदत्त होता पार मागे, दोरीजवळ. त्याला लांबून शर्टाचा नंबर तेवढा दिसला असणार, असं सुमतीनं धरून ठेवलं होतं.

तर अकरा वर्षं तो त्या हातांसाठी उसासे टाकत होता, आणि तेच हात त्याचा डबा भरत होते. मत्सर करावा तर सवत आपणच. ही तक्रार कुठल्या ऑफिसात द्यायची, तिला कळत नव्हतं. फार काही नको होतं तिला. त्यानं एकदा, एकदाच, तो पॉइंट तिच्या नावानं सांगावा.

तिच्या हातांकडे त्यानं नीट बघितलेलं एकदाच. फायनलनंतर दहाव्या दिवशी तो तिला बघायला आला तेव्हा. स्थळ कुणी सुचवलं होतं, ते दोन्ही घरांत आजवर कुणाला कळलेलं नाही. पोह्यांची बशी घेताना त्यानं एवढंच विचारलं होतं, "करंगळीला पट्टी कसली?" खेळात दुखावली, असं सांगायची सोय नव्हती. "वरवंट्याखाली आली," ती म्हणाली. त्यानं मान डोलावली आणि सगळे पोहे संपवले.

"काल चेंदणीला हळदीला गेलेलो," तानाजी म्हणाला. आज तो घाई करत नव्हता. "शेवंती भेटली."

सुमतीच्या हातातली किसणी थांबली.

"मी म्हटलं, ताई, विठ्ठलवाडीला आमची वाट लावलीत तुम्ही. तर ती हसायलाच लागली. म्हणते, त्या दिशी मी कुठली यायला, माजा साखरपुडा व्हता." तानाजीनं एक मटार सोलला आणि शांतपणे खाल्ला. "आता बोल. तुझी शेवंती तिथं नव्हतीच. मग अकरा वर्षं तू कुणाचं कौतुक करतोयस? ढाल परत मागायला पाहिजे रे तुमच्याकडून."

सुमती दारापर्यंत आली. वाक्य ओठांवर होतं. मग तिला त्या रेल्वेतल्या दोघी दिसल्या, बँकेतली दिसली. ती ओट्याकडे परत वळली.

"शेवंतीची जुनी सवय आहे ती, माणसाची टोपी उडवायची," गुरुदत्त म्हणाला. "पण जाऊ दे. तुझी चित्रा पहिली. लिहून देऊ?"

असा विजय तानाजीला अपेक्षित नव्हता. पुढच्या रविवारचं काय, ही काळजी त्याच्या तोंडावर दिसली. "मग दुसरी कोण?"

गुरुदत्तनं पातेल्यातली सालं एकेक करून वेचून काढली.

"दुसरीचं नाव घ्यायची चोरी आहे. चार नंबरचा शर्ट होता, तिला ढगळ होत होता. डाव्या करंगळीला पट्टी होती. वरवंट्याखाली आली होती म्हणे."

तानाजीनं आणखी एक मटार सोलला. त्याला काही कळलं नाही. आत दूध उतू गेलं, शेगडी फिस्सकन विझली, तरी सुमती तिथंच उभी होती, दोन्ही हात समोर धरून, कुणाचे तरी नवीन असावेत तसे त्यांच्याकडे बघत.

"अगं," गुरुदत्तनं बाहेरून हाक मारली, "माझ्या चहात तेवढी साय येऊ देऊ नकोस."