दोघांचं स्टेअरिंग

"वढ!" सिद्राम म्हणाला, आणि शेजारी बसलेल्या मालुबाईनं दोन्ही हातांनी स्टेअरिंग आपल्याकडे ओढलं.

जीप गर्रकन फिरली, जांबोटीच्या पुढचं ते वळण अर्ध्यातच सोडून कारवीच्या झुडपात घुसली आणि बंद पडली.

"आवो वैनी, सोडा की त्ये!" मागच्या बाकावर बसलेल्या कृष्णात मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "आता एका बोटानं फिरतंय, आनि तुमी दोघं मिळून वढताय व्हय?"

त्यात त्या नवराबायकोचा तरी काय दोष? मिलिटरीच्या लिलावातली ती जीप मुळातच आडदांड. मालानं भरली की तिचं स्टेअरिंग फिरवणं म्हणजे भरल्या जात्याशी झटणं. सिद्रामचा उजवा खांदा आखडल्यापासून सहा वर्षं बेळगाव ते कणकुंबी रस्ता दोघांनी मिळूनच काटला होता. डावं वळण आलं की "वढ", उजवं आलं की "रेट". बाजारकरी हसायचे, दोन डायवरची गाडी म्हणायचे. हसेनात का! या रस्त्याचं एकूण एक वळण मालुबाईच्या दंडाला पाठ होतं.

पावर स्टेअरिंगचा हट्टही तिचाच. खांद्याला तेल लावताना नवऱ्याचं कण्हणं तिला ऐकवत नव्हतं. नवं सामान घ्यायचं तर जीपच विकावी लागली असती, म्हणून तिनं कृष्णातच्या गॅरेजात खेटे घातले. त्या पठ्ठ्यानं गोव्यात मोडीत निघालेल्या एका परदेशी गाडीचा पंप आणि स्टेअरिंगची पेटी मिळवली, भंगारातली पट्टी बडवून ब्रॅकेट काढलं आणि तेलाच्या टाकीच्या जागी तुपाचा डबा डाग देऊन बसवला. इंजिनाचा पट्टा पंप फिरवणार, पंप स्टेअरिंग हलकं करणार. सकाळी पहिल्यांदा सगळं फिरलं तेव्हा बाळंतिणीनं पोराकडं बघावं तसा तो त्या डब्याकडं बघत उभा होता.

मागं-पुढं करून जीप एकदाची रस्त्यावर आली.

"वैनी, तुमी मागं बसा बघू," कृष्णात म्हणाला. "मी फुडं बसून पंपाचा आवाज ऐकतो. आनि आता तुमी सुटला की! उद्यापासनं घरी निवांत ऱ्हावा. फुडची शीट भाड्याला मोकळी झाली."

"व्हय की," मालुबाई हसून म्हणाली आणि मागं जाऊन बसली.

हसली खरी, पण नजर पुढच्या जागेवरच होती. सिद्राम काही बोलका माणूस नव्हे. घरात "वाढ" आणि "येतो" एवढ्यावर त्याचा दिवस भागायचा. या रस्त्यावर मात्र तो घडोघडी तिला हाक मारायचा, आणि तिच्यावाचून त्याचं वळण पुरं व्हायचं नाही. तिला ते फार फार आवडायचं. उद्या तिच्या जागेवर कुणीतरी विड्या फुंकत बसणार, आणि तिनं स्वतःच खेटे घालून ही वेळ आणली होती. मग तिला आपलाच राग आला. माणसाच्या खांद्याला आराम पडतोय, आणि आपण जागेसाठी झुरतोय!

पुढचं वळण जीपनं अलगद घेतलं. त्याच्या पुढचंही. कृष्णात खुशीत मांडीवर थापा मारत होता. मागं मालुबाईचे हात दर वळणाला आपोआप उचलले जात होते. शेवटी तिनं ते पदराखाली घट्ट धरून ठेवले.

चौथ्या वळणाला सिद्रामच्या तोंडून निसटलं, "रेट!"

"कुनाला सांगताय, अण्णा?" कृष्णात खो खो हसला.

सिद्राम हसला नाही. वळण पार करून त्यानं जीप कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मान वळवून एकदा मागं पाहिलं, मग पुन्हा रस्त्याकडं बघत विचारलं, "कृष्णात, ह्यो पट्टा ढिला करता येतोय का?"

"येतोय की. पर ढिला केला तर पंप नीट फिरायचा न्हाय. स्टेअरिंग परत जड व्हईल. मग येवढा खटाटोप कशापायी केला?"

"लई ढिला नगं," सिद्राम म्हणाला. "एकट्याला जड पडंल, येवढाच कर."