पक्का रंग

निवृत्त रंगारी बाबा लेकीच्या प्रयोगशाळेत आले ते पैज लावूनच. "माझा निळा उन्हाला दाद देत नाही. उन्हात रंग खाणारी तुझी पांढरी पूड काय दिवे लावणार!" तिने हसत त्यांचा रंग दोन बरण्यांतल्या पाण्यात कालवला, दोन्हींत पूड घातली. एक बरणी उन्हात, दुसरी तुलनेसाठी कपाटात, अंधारात ठेवली. दुपारी उन्हातलं पाणी पार नितळ झालं. "हरलात, बाबा! आता रंगाच्या कारखान्यांनी नदीत सोडलेला रंगसुद्धा असाच घालवू!" टाळीसाठी तिने हात पुढे केला. बाबांनी आपली कायमची निळी बोटं हळूच खिशात घातली. कशाला जिंकले मी? धावत जाऊन तिने कपाटातली बरणी आणली. "हा बघा तुमचा रंग. जसाच्या तसा आहे." ती बरणी खिडकीशी नेणार, तोच बाबांनी तिचं मनगट धरलं. "परत ठेव, पोरी. अंधारातच टिकणार तो."