हँडीकॅममधल्या बानूबाई

महेंद्रनं हँडीकॅमची हार्ड डिस्क वाचवली. सगळं रेकॉर्डिंग निघालं, तीन तास दहा मिनिटं. ते त्यानं बघितलं, आणि असं काही झालंच नाही असं ठरवून टाकलं.

"गेली, आबा," शिक्रापूरच्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात आलेल्या मल्हारी आबांना तो म्हणाला.

"काय गेलं?"

"डिस्क. ह्या हँडीकॅममध्ये कॅसेट नसती. आत चकती फिरती, तिच्यावर बारीक सुई. चालू असताना पडला की सुई चकतीला घासती. संपलं."

"मंग सुई बदल."

"चकतीच खरवडलीय."

आबा निमोण्याहून दोन गाड्या बदलून आले होते. हँडीकॅम त्यांना पंधरा वर्षांपूर्वी खताच्या दुकानातल्या लकी ड्रॉत लागला होता. रविवारी बायकोचं, बानूबाईंचं, वर्षश्राद्ध होतं आणि घरात तिचा धड फोटो नव्हता. आधारकार्डावर होता, पण तो बघून खुद्द बानूबाईंनीच 'ही कोण बाई?' असं विचारलं होतं.

"फ्रेम आणून ठिवलीय," आबा म्हणाले. "तिच्यात दुकानातनंच दोन हंस आलेत. पाव्हण्यांम्होरं हंसान्ला हार घालू व्हय?"

महेंद्र स्क्रू आवळत बसला. तो कधीचाच आवळून झाला होता.

"आधारचाच मोठा करून देतो. पैसे नकोत."

"पैसे नगंत? येवढं वंगाळ हाय व्हय?"

रस्त्यावरचा ट्रक पुढं सरकला आणि क्षणभर शांत झालं. कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं होतं; टेबलावरच्या हेडफोनमधून बाईचा बारीक आवाज आला, "अवं, हसा की जरा."

आबा हेडफोनकडं बघत राहिले.

"चकती खरवडलीय म्हनलास."

महेंद्रनं स्क्रीन त्यांच्याकडं वळवला. खुर्ची दिली, चहा सांगितला आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला.

आबांनी तीन तास दहा मिनिटं बघितलं. जेजुरीच्या पायऱ्या, कांद्याची काढणी, नवी मोटर. चहावर साय धरली.

"ह्यातनंच फोटो काढायचा," शेवटी त्यांनी हाक मारून सांगितलं. "पावती कर."

"काय लिहू, आबा?"

"आण हिकडं."

'कामाचे स्वरूप' ह्या रकान्यात त्यांनी तहसीलच्या अर्जासारखं नेटकं लिहिलं:

'सदर चित्रीकरण संपूर्णपणे आमच्या मंडळींनीच केलेले असल्याने त्या त्यात कोठेही दिसत नाहीत. तरी अर्जदारास बाजूला सरकवून, कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या सौ. बानूबाई मल्हारी ठोंबरे यांना पुढे घेण्यात यावे, ही नम्र विनंती.'