राईतली बाळंतीण

शिडी अजून जुन्या रायवळ आंब्याला टेकलेली होती आणि खाली धाकटे दीर घमेलं धूत होते. वर ढोलीच्या जागी सिमेंटचा गुळगुळीत गिलावा होता. चोचीत उंबर धरून धनेश त्यावर पुन्हापुन्हा ठकठक करत होता.

"भावोजी, हे काय करून ठेवलंत?"

"उद्या साहेब येणार ना राई बघायला! पाखरांसाठी राखीव म्हणून पाटी लागायचीय. म्हटलं, झाडं जरा नीटनेटकी दिसू देत. तसंही ते भोक चिखलानं बुजतच आलेलं."

"तो चिखल तिनं लिंपलाय! मादी आत कोंडून घेऊन बसलीय, पिल्लांना घेऊन. ठेवलेल्या फटीतून तो तिला भरवतो."

दीर हसले. "बाळंतीण झाल्यापासून तुम्हाला सगळीकडे बाळंतिणीच दिसतात, वहिनी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यांच्या पायाशी पडलेली थापी उचलली, पदर खोचला आणि शिडी चढले. सिमेंट ओलं होतं. आधी थापीनं, मग आत लागेल म्हणून नखांनी खरवडत राहिले.

"उतरा खाली! घरात बाळ रडतंय, ऐकू येत नाही?"

येत होतं. माझा ब्लाउज दुधानं भिजला होता.

"तुम्ही घ्या त्याला! त्याच्या खोलीला दार आहे."

शेवटचा लगदा गळून पडला. आतल्या काळोखातून चोच आली आणि माझ्या बोटाला कडकडून चावली.

"चाव," मी म्हटलं. "चाव गं बाई, चांगली चाव."