स्वेटरचा रंग

“मिसेसनी काय घातलंय, काका?” हरवलेल्यांच्या नोंदवहीवर वाकत पोलिसानं विचारलं. “स्वेटर. तिनंच विणलाय.” “रंग?” म्हातारा फोटोग्राफर अडखळला. जन्मभर त्यानं ब्लॅक अँड व्हाइट फिल्मच वापरली होती. रंग उगाच मध्ये लुडबुडतात म्हणून डोळ्यांना ते न बघायची सवयच लावली होती. हल्ली घराची वाट विसरणाऱ्या बायकोचा सकाळीच त्यानं खिडकीपाशी फोटो काढला होता. गळ्याशी उघडं राहिलेलं बटण, बाहीवर सुटलेले टाके, खांद्यावरचं तिरपं ऊन, सगळं त्यानं घडाघडा सांगितलं. “अहो, पण रंग?” “करडा... म्हणजे फोटोत तसा येईल.” पोलिसानं सुस्कारा सोडून रकाना कोराच ठेवला. फोटोग्राफरला सकाळ आठवली. नवा स्वेटर घालून तिनं हौसेनं विचारलं होतं, “हा रंग शोभतो ना मला?” कॅमेऱ्यातून डोळा न काढता तो म्हणाला होता, “हलू नकोस.”